टेकाडावरचा हरभरा

माझ्या वडिलांना दोन गोष्टींचा अभिमान होता, आणि त्यात माझा नंबर दुसरा होता. पहिला त्यांच्या तिफणीचा. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. बैलजोडी ते ओढते, मागून एक माणूस हाकतो, आणि बरोबर चालणारी बाई वरच्या चाड्यात मुठीने बी सोडत जाते. वडिलांनी पेरलेल्या ओळी बघायला लोक मुद्दाम धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, थांबायचे. माझ्याकडे बघायला कुणी थांबत नसे, म्हणून मला त्या तिफणीचा लहानपणी थोडा रागच होता.

अमडापूरच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. बाकीचे शेतकरी समोरच्या धुऱ्यावर काठीला पांढरं फडकं बांधायचे आणि त्या निशाणाकडे बघत पहिली ओळ काढायचे. वडिलांनी फडकं कधी बांधलं नाही. ते म्हणायचे, "निशान कायले पायजे? दोन्ही बैल सारखे असले अन् कासरा ढिला सोडला, तं जोडी सरळच जाते. वाकडं करते तो मानूस." पुढे शाळेत गुरुजींनी गतीचा पहिला नियम शिकवला, तेव्हा मला वाटलं, यात नवीन काय? हे तर आमच्या बाबांचं म्हणणं.

मी खामगावच्या कॉलेजात विज्ञान शिकत होते तेव्हाची ही गोष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गावातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे मला सगळं कळतं असा गावाचा समज होता, आणि खोटं कशाला बोलू, माझाही होता. दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजच्या विज्ञान मंडळात भाषणांचे विषय वाटले. सोपे विषय पोरांनी आधीच पटकावले होते. माझ्या वाट्याला आलं 'वस्तुमान, ऊर्जा आणि अवकाश-काळाची वक्रता'. प्राध्यापकांनी एक जाड इंग्रजी पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, सुट्टीत वाचा, सुचेल काहीतरी. ते पुस्तक मी पिशवीत घालून एस.टी.ने घरी आणलं. जड म्हणून ते मला फार आवडलं होतं. वाचायला घेतल्यावर मात्र आवडेनासं झालं.

त्या वर्षी आम्ही टेकाडाचं वावर पहिल्यांदाच पेरणार होतो. नावाप्रमाणेच त्या वावराच्या मधोमध चांगलं गोल टेकाड होतं, आणि या धुऱ्यावरून पलीकडचा धुरा दिसत नसे. वर्षानुवर्षं तिथे गवतच होतं. वडिलांनी आणि काकांनी ते दोन उन्हाळे खपून मोडलं, दगड वेचले, आणि दिवाळीच्या तोंडावर तिथे हरभरा पेरायचा ठरवला.

आमच्या घरची एक रीत होती. ज्या धुऱ्यावर नारळ फोडला, त्याच धुऱ्यावरून घरातल्या मोठ्याने पहिल्या दोन ओळी काढायच्या. दोन्हींत काठीने मोजून चाळीस हातांचं अंतर ठेवायचं. एक ओळ गेली की रिकामी तिफण वळसा घालून परत आणायची आणि दुसरीही नारळापासूनच सुरू करायची. मग धाकट्याने मधली पट्टी भरायची. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती मोडायची मात्र नाही.

तर वडिलांनी नारळ फोडला, चार हाती काठी दहा वेळा टाकून अंतर मोजलं, आणि पहिली ओळ टेकाडाच्या डाव्या अंगाने काढली. दुसरी उजव्या अंगाने. दोन्ही वेळा चाड्यावर मीच होते. कासरा ढिला लोंबत होता, बैल आपल्या चालीने चालले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टेकाडाचा माथा दोन्ही ओळींच्या मध्ये राहिला.

पलीकडच्या धुऱ्यावर काका उभे होते, आणि शेजारचे तीन-चार जण. आम्ही दुसरी ओळ संपवून तिथे पोचलो तर सगळे ओळींकडेच बघत होते. काकांनी काठी उचलली आणि दोन ओळींमधलं अंतर मोजलं. आठ काठ्या आणि वर एक हात. चाळीसचे तेहतीस झाले होते.

"दादा," काका शक्य तितक्या हळू म्हणाले, "तुमची नजर कमी झाली."

शेजाऱ्यांपैकी एकजण खो खो हसला. वडील परत त्या ओळीवरून चालत गेले, प्रत्येक काकर, म्हणजे फणाने काढलेली रेघ, बघत, आणि परत आले. मग कासरा काकांच्या हातात दिला. "तिफन आता तुह्याकडं. मी धुऱ्यावर बसतो."

काकांनी मधली पट्टी भरली, पण तिकडच्या टोकाला जागा पुरेना, म्हणून काही ओळी अर्ध्यावरच सोडाव्या लागल्या. त्यानंतरच्या वावरातही तिफण काकांनीच हाकली. वडील खरंच धुऱ्यावर बसून राहिले. चाळीस वर्षं तिफणीमागे चाललेला माणूस बाभळीखाली बसून नुसता चिलीम ओढतोय, हे बघवत नव्हतं. आणि अशा वेळी मी, कॉलेजात शिकलेली, काय म्हणाले? मी म्हणाले, "बाबा, चष्मा करून घ्या. त्यात लाज कसली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "हाव", म्हणजे हो, म्हणाले. एवढंच. कासरा ढिला होता हे पाहणारी साऱ्या गावात मी एकटी होते, आणि मीही तेच म्हणत होते जे हसणारे म्हणत होते. मला ते तेव्हा उमगलंही नाही. आज आठवलं की लाज वाटते.

ते खरंच चिखलीला जाऊन डोळे तपासून आले. तपासणारा म्हणाला, लांबचं लख्ख दिसतं, चष्मा नको. आम्हाला वाटलं, बरं झालं. पण वडील जास्तच खचले. डोळे चांगले आहेत म्हणजे हात गेला, नाहीतर डोकं गेलं, असा त्यांनी हिशोब केला. आठवड्याभरात हरभरा उगवला, आणि टेकाडावरच्या दोन हिरव्या ओळी एकमेकींकडे झुकलेल्या रस्त्यावरून दिसू लागल्या. बाजाराला जाणारे थांबून बघायचे. वडिलांनी बाजाराला जाणंच सोडलं.

मी पडवीत बसून पुस्तकाशी झगडत होते. जर्मनीतल्या एका शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की सूर्य पृथ्वीला दोरी बांधून ओढत नाही. पृथ्वी आपली सरळच चालली आहे. पण सूर्याच्या वजनाने भोवतालचा अवकाश आणि काळ वाकला आहे, म्हणून तिची सरळ वाट आपल्याला गोल दिसते. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तीनदा रागाने पुस्तक मिटलं. सरळही आणि गोलही? पुढच्या पानावर लिहिलं होतं: घुमटासारख्या वाकलेल्या पृष्ठभागावर, एकमेकींना समांतर निघालेल्या दोन सरळ रेषा, कुणीही न ओढता जवळ येतात.

मी तशीच उठले. पुस्तक खाली पडलं ते उचललंही नाही. पडवीतून टेकाड दिसत होतं, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी हरभऱ्याच्या दोन ओळी, कुणीही न ओढता, जवळ येत होत्या.

मी वहीच्या कागदाच्या दोन लांब पट्ट्या कापल्या, आईकडून कणकेची खळ करून घेतली आणि अंगणात घमेलं पालथं घातलं. कागदाची पट्टी फार प्रामाणिक असते. तिला सरळ जाऊ दिलं तर सपाट चिकटते, जराशी बाजूला ओढली तर लगेच चुणी पडते. वडिलांना बोलावून आणलं. घमेल्याच्या एका काठावर चार बोटांचं अंतर ठेवून मी दोन्ही पट्ट्या सुरू केल्या आणि चुणी न पाडता पलीकडे नेल्या. पलीकडच्या काठावर दोन बोटं उरली.

"बाबा, मी ओढलं का कुठं?"

ते वाकून बघत राहिले. बोटाने पट्टी चाचपली. मग म्हणाले, "एक डाव अजून कर." मी पुन्हा केलं. तेवढ्यात काका आले. त्यांना मी घाईघाईने सांगितलं की बाबांची ओळ सरळच होती, वावर वाकडं आहे.

काकांनी डोक्याची टोपी सारखी केली. "वा वा! नाचता येईना, अंगण वाकडं. कालेजात हे शिकवून राह्यले काय तुले?"

"पण काका, अंगण खरंच वाकडं असलं तर?"

"दादाले हरभऱ्याच्या झाडावर चढवू नको," काका म्हणाले. "आधीच हरभऱ्यानं इज्जत घेतली."

वडिलांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते घमेल्याशेजारी उकिडवे बसले होते आणि दोन बोटं बैलांसारखी चालवत पट्टीवरून नेत होते. एकदम ते म्हणाले, "अबे, हे तं मले मालूम हाये! टेकाडाच्या अंगचा बैल जास्त चढते अन् जास्त उतरते. पावलं दोघायचीबी सारखीच. मंग तो मांगं पडते. तो मांगं पडला का जोडी तिकडंच वळते. कासरा ओढा लागत नाही." आणि माझ्याकडे बघून, "इतके साल झाले, टेकाडाले आडवी गाडी हाकतानी हे रोज पायलं. अन् मी माह्याच डोक्याले दोष देऊन बसलो."

तरीही काकांना हे पटेना. शेवटी वडीलच म्हणाले, "तुह्या हातानं पाय." गावच्या गायरानात तसंच एक गोल टेकाड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमची बैलजोडी आणि मागे जमिनीला खरडणारं एक जाड लाकूड घेऊन गेले. हसणारे शेजारीही आले, कारण फुकटची करमणूक कोण सोडतो? काकांनी चाळीस हात मोजले, टेकाडाच्या दोन अंगांनी, कासरा ढिला ठेवून, दोन रेघा काढल्या. पलीकडे मोजलं तर छत्तीस.

"बैल दादाचे हायेत," काका म्हणाले. "त्यायले सवय लागली."

त्यांनी आपले बैल आणवले. पुन्हा छत्तीस. मग त्यांनी लाकूड तिथेच टाकलं आणि सगळ्यांसमोर वडिलांपुढे येऊन म्हणाले, "दादा, अंगणच वाकडं हाये." वडील हसले. त्या दिवाळीत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मला इतका आनंद झाला की मी कारण नसताना शेजारी उभ्या असलेल्या काकूला मिठी मारली.

संध्याकाळी चुलीपाशी माझं भाषण तयार झालं. म्हणजे मी बोलत होते आणि वडील प्रश्न विचारत होते, आणि खरं सांगायचं तर प्रश्नच भाषणापेक्षा चांगले होते.

"इथं टेकाड हाये म्हनून ओयी वाकल्या. तिथं आभायात टेकाड कोनं केलं?"

"वजनानं. सूर्याच्या वजनानं. पण ते टेकाड डोळ्याला दिसत नाही. आपण त्याच्या बाहेर जाऊन बघूच शकत नाही."

"नसू दे. ओयीवरून समजते," ते म्हणाले. "आपलं टेकाड आंधळ्याले दिसलं नसतं, पन दोन टोकं मोजून त्यानं सांगतलं असतं." पुस्तकाने याच गोष्टीला दोन पानं घेतली होती.

"अन् फक्त अवकाश नाही, बाबा, काळही वाकतो. सूर्याच्या जवळच्या बाजूला वेळ जरासा हळू चालतो."

त्यांची दोन बोटं पुन्हा चालू लागली. "म्हंजे सूर्याच्या अंगचा बैल मांगं पडते," ते म्हणाले. "म्हनून पृथ्वी तिकडं वळते."

हे पुस्तकात होतं, पण गणितात दडलेलं. मला ते सापडलं नव्हतं. तिफणीमागे चालून चालून माझ्या बापाच्या पायांना ते सापडलं होतं, आणि त्याच माणसाला मी चष्मा लावायला निघाले होते. मी त्यांना तसं सांगितलंही. माफ करा, असंही मी म्हणाले. त्यांनी हात झटकला. "तुवा पट्टी चिकटवली नसती तं मी तसाच बाभयीखाली बसलो असतो. पुढं सांग."

पुढे ऊर्जा होती. मी सांगितलं की नुसतं वस्तुमानच नाही, ऊर्जाही अवकाश वाकवते, कारण ऊर्जेलाही वजन असतं. खामगावच्या प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधतात. दाबायला लागलेल्या जोराचा काही भाग गाठीत अडकून राहतो, म्हणून दाबलेली गाठ त्याच मोकळ्या रुईपेक्षा कणभर जड असते. इतकी कमी, की जगातला कोणताही काटा ते दाखवू शकणार नाही.

"मंग तापलेला तवा थंड तव्यापेक्षा जड?"

"हो."

"अन् ऊन ऊन भाकर शिळीपेक्षा जड?"

"हो, अगदी अगदी थोडी."

वडील आईकडे वळले. "ऐकलं काय वं? म्हनून तुह्या हातची भाकर पोटात जड पडते."

आईने तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "जड वाटत असंल तं थंडी होऊ द्या अन् मंग खा," ती म्हणाली. त्यांनी ती गरमच खाल्ली, आणि आणखी दोन मागून घेतल्या.

कॉलेजातलं भाषण बरं झालं. मी फळ्यावर सूर्य काढायच्या आधी एक टेकाड काढलं आणि त्याच्या दोन अंगांनी हरभरा पेरला. पोरं आधी हसली, मग ऐकू लागली. प्राध्यापक म्हणाले, उदाहरण कोणत्या पुस्तकातलं? मी म्हणाले, पुस्तकातलं नाही, वावरातलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मी त्या दिवशी आरशात स्वतःला जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढच्या दिवाळीला मी घरी आले तेव्हा टेकाडाचं वावर तयार होतं. वडिलांनी माझ्यासाठी पेरणी दोन दिवस थांबवली होती. मला वाटलं, चाड्यावर मूठ माझी हवी म्हणून असेल. काका होते, काकू होती, आई होती, आणि तेच शेजारी पलीकडच्या धुऱ्यावर, हातात काठी घेऊन.

नारळ फोडून वडिलांनी पहिली ओळ काढली. डाव्या अंगाने, कासरा ढिला. चाड्यावर मी होते. वळसा घालून आम्ही परत आलो, चाळीस हात मोजले, आणि मी मुठीत हरभरा घेऊन तयार उभी राहिले. वडिलांनी माझ्या मुठीतला हरभरा काढून आईच्या ओच्यात टाकला आणि कासरा माझ्या हातात दिला.

आमच्याकडे बाई चाड्यावर चालते. तिफण हाकत नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही मी फारशी कुणी पाहिली नाही. काकांनी तोंड उघडलं आणि काय वाटलं कोण जाणे, मिटलं. आई पदर खोचून चाड्याशी येऊन उभी राहिली.

"बाबा, ही ओळ घरातल्या मोठ्याची असते," मी म्हणाले. "माझ्याकडून वाकडी झाली तर?"

"ओढू नको, बस. तू सरळ चाल," ते म्हणाले. "वाकाचं काम वावराचं."

मी चालू लागले. बैल मला ओळखत होते. चढ आला, उतार आला, टेकाडाच्या अंगचा बैल कणाकणाने मागे पडताना मला कासऱ्यातून कळत होता, आणि दर पावलाला हात म्हणत होता, ओढ, सरळ कर. मी ओढलं नाही. पलीकडच्या धुऱ्यावर पोचून मी बैल थांबवले.

वडील मागून आले. त्यांनी शेजाऱ्याच्या हातातून काठी घेतली आणि स्वतः मोजू लागले. आठ काठ्या. मग गुडघ्यावर बसून त्यांनी कोपरापासून बोटापर्यंत आपला हात जमिनीवर ठेवला. बरोब्बर एक हात. तेहतीस.

ते तसेच बसून राहिले, हात मातीवर ठेवून, आणि वर माझ्याकडे बघून म्हणाले, "तेवढंच."